गुलछडी कुणामागं पळणार

वसुबारशीच्या संध्याकाळी इंगवल्यांच्या माडीवर माणसं जमली ती निशिगंधाला नोकरीसाठी भुवनेश्वरला जाऊ द्यायचं की नाही हे ठरवायला. परवाच्या गाडीचं तिकीट हातात होतं. पण इंगवल्यांच्या घरात कुठल्याही गोष्टीचा विचार ती गोष्ट दारात येऊन उभी राहिल्यावरच सुरू होतो.

निशिगंधा तयारीत होती. विचारले जाणारे प्रश्न तिनं आधीच काढून प्रत्येकाला उत्तर बसवलं होतं. एकटी पोरगी परमुलखात राहणार कशी? संस्थेचं वसतिगृह आहे, दारावर पहारेकरी आहे. लग्नाचं काय? तिथूनही फोन लागतो. खाणार काय? भात. इथं काय कमी आहे? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात लांब होतं आणि ते ती गेले काही दिवस अंघोळ करताना म्हणून बघत होती.

ते उत्तर थोडक्यात असं. कोल्हापूर मोठं शहर आहे असं कोल्हापूरचे लोक म्हणतात आणि ते खरंही असेल. पण बाळासो इंगवल्यांच्या मुलीपुरतं ते मंगळवार पेठेएवढंच होतं. बाळासोंचा दुधाचा कट्टा. संध्याकाळी म्हशी दारात आणायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट ग्लास त्याच्या हातात द्यायचा. अर्ध्या शहराच्या मिशांना या कट्ट्यावरचा फेस लागलेला, आणि त्या अर्ध्या शहराला निशिगंधा चेहऱ्यानं ठाऊक. ती एमएस्सी होऊन एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासत होती, पण नमुना घेऊन येणारा माणूससुद्धा बाटली टेबलावर ठेवून आधी म्हशींची खुशाली विचारायचा. एकदा रंकाळ्यावर प्रयोगशाळेतल्या एका पोराबरोबर तिनं आइस्क्रीम खाल्लं होतं. ती घरी पोचली तेव्हा आईनं भाकरीवरून मान न उचलता विचारलं होतं, "थंडीत कशाला गं ते पिस्त्याचं?"

जाण्याच्या बाबतीत घराण्याची कामगिरी तशी बेताचीच होती. पणजोबा ज्ञानू इंगवले लष्करात भरती व्हायला निघाले आणि मिरजेच्या स्टेशनावर चहात पाणचट दूध मिळालं म्हणून परत आले. धैर्यशीलकाका वारणानगरच्या डेअरीत नोकरीला लागला. एसटीनं तासाभराची वाट. पण शनिवारी घरी येताना तो बोटीतून उतरल्यासारखा दारात उभा राहायचा, आणि निवृत्त होऊन परत आला तरी बोलण्याची सुरुवात "आमच्याकडं वारणेला" अशी करायचा. घराण्यातला घराबाहेर राहून आलेला पुरुष तोच.

तर माडीवर बाळासोंनी आधी सगळ्यांना चकल्या वाटल्या आणि मग लेकीकडं बघितलं.

"नोकरी चांगली हाय का?"

"हाय, आबा."

"मग जा की. तुला कुणी बांधून घातलंय?"

बस पकडायला जीव तोडून पळत सुटावं आणि कंडक्टरनं दारातून "सावकाश या" म्हणावं, तसं निशिगंधाला झालं. तिनं आईकडं बघितलं. तानाबाईंना एवढंच जाणून घ्यायचं होतं की भुवनेश्वर तिरुपतीच्या अलीकडं की पलीकडं. कोल्हापुरात लांबचं अंतर तिरुपतीनं मोजतात, कारण तिथवर इथली गाडी जाते. वाट वेगळीच आहे आणि बालाजी मध्ये लागत नाही हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. पण विरोध म्हणावा असं त्यात काही नव्हतं. भाऊ ऋतुराज म्हणाला, जाऊ दे की. त्याची बायको वर्षाराणी म्हणाली, जाऊ देत की वन्संना. निशिगंधाला आपण पाठ केलेली उत्तरं कुणीतरी न वाचताच पास करून टाकली असं वाटायला लागलं.

तेवढ्यात धैर्यशीलकाकानं घसा खाकरला. "त्ये सगळं बरोबर हाय. पर पाडव्याला गुलछडीचं काय करायचं?"

हा प्रश्न निशिगंधानं काढून ठेवला नव्हता.

मुलीचं नाव निशिगंधा ठेवल्यावर बाळासोंच्या मनात ते फूल बसलं असावं, कारण पुढं गोठ्यात जन्मलेल्या सगळ्यात देखण्या रेडकाचं नाव त्यांनी गुलछडी ठेवलं. फूल तेच. याबद्दल मुलीला कुणी विचारलं नाही, रेडकालाही नाही. गुलछडी मोठी होऊन अशी म्हैस झाली की वसुबारशीला गाय नसलेल्या या घरात पूजा तीच घ्यायची, आणि हे शास्त्रात बसतं का असं विचारणाऱ्याला त्या दिवशी दूध मिळायचं नाही.

दिवाळीच्या पाडव्याला म्हशींचा मान. शिंगं रंगवायची, गोंडे बांधायचे, पाठीवर कातरून मालकाचं नाव काढायचं, आणि मालकानं गाडीवर बसून पुढं निघायचं. म्हशीनं दोरी नाही, काठी नाही, फटाक्यांतून आणि हलगीतून फक्त आपल्या माणसामागं पळायचं. जिची धाव सगळ्यात सरळ, तिच्या मालकाला फेटा. दोन पाडव्यांमागं ऋतुराजचा हात तालमीत मोडला, म्हणून निशिगंधानं सकाळी कामावर जाण्याआधी आपल्या स्कूटरमागं गुलछडीला रपेटीला न्यायला सुरुवात केली. तेव्हापासून फेटा बाहेर गेला नव्हता. वर्तमानपत्रात फोटो आला होता: 'मुक्या जिवाचा जिव्हाळा, बाळासो इंगवले यांची म्हैस'. फोटोत म्हैस पूर्ण होती, स्कूटर अर्धी आणि निशिगंधाचं कोपर.

खरी गोष्ट, आणि ती घरात निशिगंधाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती, अशी होती की हा जिव्हाळा गुळाचा होता. रपेट संपली की ती स्कूटरच्या पुढच्या कप्प्यातून गुळाचा खडा काढून गुलछडीच्या तोंडात द्यायची. गुलछडी पळायची ती त्या कप्प्यामागं. हे सांगण्यात अडचण एकच होती. म्हैस व्याली की चार दिवस गूळ, पुढं गुळाचा वाससुद्धा नको, असा बाळासोंचा नियम होता. गुळानं म्हैस लाडावते, आणि लाडावलेली म्हैस पान्हा चोरते, हे त्यांचं शास्त्र. त्यात देवानंही ढवळाढवळ केलेली त्यांना चालली नसती.

तरीपण आत्ता, या माडीवर, "आबा, कप्प्यात गूळ ठेवा, ती काकांच्यामागं पण पळंल" एवढं वाक्य निशिगंधा बोलली असती तर बैठक चहाआधी संपली असती. वाक्य आलंही होतं. तोंडातली चकली आधी गिळावी म्हणून ती थांबली, आणि चकली गिळून झाल्यावर बोलणं पुढं गेलं होतं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

पुढं गेलेलं बोलणं असं होतं. भुवनेश्वरला हजर व्हायचं ते ऐन पाडव्याला, कारण तिकडं पाडव्याची सुट्टी नसते. पाडव्याची सुट्टी नसलेल्या मुलखात पोरीला पाठवावं का, यावर थोडी चर्चा झाली. मग काकानं तोडगा काढला. आमच्याकडं वारणेला असं ठरलेलं होतं, तो म्हणाला, की जनावर माणसाला ओळखत नाही, आकाराला ओळखतं. स्कूटर तीच, हेल्मेट तेच, ओढणी तीच ठेवली तर वर कोण बसलंय याच्याशी म्हशीला देणंघेणं नसतं. उद्या सकाळी ऋतुराजनं करून बघावं. म्हैस मागं आली तर पोरगी मोकळी.

"आणि न्हाय आली तर?" निशिगंधानं विचारलं.

"तर मग बघूया की," बाळासो म्हणाले. इंगवल्यांच्या घरात या वाक्याखाली आजवर बऱ्याच गोष्टी पुरल्या गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. उजाडायच्या आत निशिगंधा जिना उतरून खाली आली, स्कूटरच्या कप्प्यातला गुळाचा खडा काढला, रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला. का काढलास, असं कुणी विचारलं असतं तर तिनं मुंग्यांचं नाव सांगितलं असतं. कप्प्यात मुंगी नव्हती.

वर ऋतुराजला तयार करण्याचं काम वर्षाराणीकडं होतं. तो तालमीतला गडी, दंड उशीएवढे, मिशी तुपात वळलेली. तिनं त्याच्या डोक्यावरून आंबा रंगाची ओढणी घेतली, गळ्याभोवती फिरवली, खांद्यावर पिन मारली आणि दोन पावलं मागं जाऊन बघितलं. "मला बघायला आलातासा तवा एवढं देखणं दिसला न्हवता," ती म्हणाली. ऋतुराज आधीच खालच्या रस्त्याचा आवाज ऐकत होता, कारण बातमी पेठेत पोचली होती आणि पेठ दात घासता घासता बाहेर आली होती.

त्यानं स्कूटर चालू केली आणि निशिगंधासारखी हाक मारायचा प्रयत्न केला. गुलछडी गोठ्यातून बाहेर आली. तिनं आकार बघितला. जवळ येऊन पुढच्या कप्प्याचा वास घेतला. पुन्हा घेतला. मग मान वर करून ओढणीच्या आत बघितलं आणि सुनेनं केलेला चहा सासूनं न चाखता बाजूला सरकवावा, तशा शांतपणे ती रस्त्याच्या मधोमध बसली.

मागून केएमटीची बस आली आणि थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, गुलछडीनं शेपटी हलवली. बसमधले लोक सल्ला द्यायला खाली उतरले. कुणी म्हणालं शेपूट पिरगाळा, कुणी म्हणालं कानात फुंका, आणि एका म्हातारीनं ऋतुराजच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "कुणाची गं लेक तू?" तेव्हा ऋतुराजनं पिनेसकट ओढणी ओढून काढली, स्कूटर तिथंच स्टँडला लावली आणि थेट तालमीत गेला. तो दुपारच्या जेवणाला आला नाही.

"बघितलासा?" काका पेठेला उद्देशून म्हणाला. "जिव्हाळा." त्याचा सिद्धांत रस्त्यावर बसला होता, पण त्यानं नवा उभा करायला एवढासुद्धा वेळ घेतला नाही. तानाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आणि निशिगंधाची छाती अभिमानानं भरून आली. गच्च भरून आली. ही गोष्ट तिच्या भुवनेश्वरच्या बेतात कुठंच बसत नव्हती.

बाळासो बघूया म्हणाले होते, आणि आता त्यांनी बघितलं. निशिगंधानं ऋतुराजला वाचायला धाडलेल्या संस्थेच्या ईमेलखालचा नंबर त्यांनी तालमीत जाऊन मिळवला आणि दुपारी, सगळे लवंडलेले असताना, भुवनेश्वरला फोन लावला.

तो फोन कसा झाला हे निशिगंधाला संध्याकाळी कट्ट्यावर कळलं. धारा चालू होत्या, गिऱ्हाइकं दगडी कठड्यावर ओळीनं बसली होती, वर्षाराणी ग्लास विसळून देत होती. अशा वेळी निशिगंधाच्या मोबाइलवर संदेश आला. तिच्या होणाऱ्या साहेबांनी, कुणी मोहांती म्हणून होते त्यांनी, तिचं हार्दिक स्वागत केलं होतं, सणासाठी हजर व्हायची मुदत वाढवून दिली होती आणि विचारलं होतं की व्हिडिओत स्कूटरवर आहे ती तूच का. खाली व्हिडिओ होता. मागच्या पाडव्याचा. ऑफिसात सगळ्यांना फार आवडला, असंही लिहिलं होतं.

तिनं मोबाइल बापासमोर धरला. "आबा, हे काय हाय?"

बाळासोंनी धार न थांबवता बघितलं. त्यांना बरं वाटलं. "पावला का? लई चांगला मानूस. मी म्हटलं, साब, हमारी लडकी आयेगी, जरूर आयेगी, लेकिन पाडवे को म्हैस पळानी है. त्यो म्हणाला कैसी म्हैस. मग मी व्हिडिओ धाडला."

पुढचं त्यांनी कट्ट्यालाच सांगितलं. मोहांतीसाहेबांनी म्हैस किती दूध देते विचारलं, मग काय खाते विचारलं, कारण त्यांच्या मेव्हण्याला डेअरी काढायची आहे. तिथून दोघांचं जमलं. मेव्हणा कार्तिकी झाली की कोल्हापूरला येणार, उतरायला आपल्याच घरी. निशिगंधाला घ्यायला साहेब स्वतः स्टेशनवर येणार, दर रविवारी जेवायला त्यांच्याकडं, आणि घाई मुळीच नाही, पाडव्यानंतर काय, तुळशीच्या लग्नानंतर आली तरी चालेल.

कठड्यावरून समाधानाचे हुंकार आले. एकजण म्हणाला, वळख असली म्हंजे बरं असतंय.

"मला वळख नको हुती," निशिगंधा म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नव्हती, पण ओठाला लावलेले ग्लास खाली आले.

"म्हंजे?" बाळासोंचे हात थांबले. गुलछडीनं मान वळवून बघितलं.

"तिथं मला कुणी वळखत न्हवतं, आबा. तेवढं एकच माझं हुतं. मी जाणार, कुठंतरी चहा पीत बसणार, आणि माझ्याकडं बघून कुणाला काय म्हणजे काय आठवणार न्हाय. म्हैस न्हाय, कट्टा न्हाय, तुम्ही न्हाय. आता मी तिथं पाय ठेवायच्या आधी सगळं ऑफिस मला म्हशीवाली म्हणून बघायला बसलंय."

"स्कूटरवाली," कठड्यावरच्या एकानं दुरुस्ती केली. "म्हशीवाली न्हाय काय."

बाळासो उठले. त्यांना हे मनापासून समजत नव्हतं, आणि समजत नाही हे लपवण्याइतके ते शिकलेले नव्हते. "वळख न्हाय म्हटल्यावर मानूस जगतंय कसं, पोरी? आजारी पडलीस तर पाणी कोण देणार?"

"पडंन की आजारी. माझी मी पडंन."

"मी तुला अडवायला फोन केला असं वाटतंय व्हय तुला?" त्यांचा आवाज उतरला. "मला अडवायचं असतं तर फोन कशाला करतो मी? तू गेली नसतीस, त्यास्नी राग आला असता, नोकरी गेली असती, झालं असतं काम. सकाळी ती म्हैस बसली रस्त्यात, तवा म्हटलं, आता ही आपल्या जनावरापायी अडकणार. म्हणून मुदत मागून घेतली. मोडत्या हिंदीत. लाज सोडून."

निशिगंधाच्या पर्समध्ये रुमाल होता, रुमालात खडा होता, आणि तो आता विटेएवढा जड झाला होता. जनावरापायी कोण अडकलं होतं आणि जनावर कुणापायी बसलं होतं, हे एकटी तीच जाणत होती. ती वळली आणि जिना चढून गच्चीवर गेली. मागून बाळासोंचा आवाज आला, त्यांनी कठड्याला विचारलं होतं की आपण काय वावगं बोललो का, आणि कठडा एकमतानं न्हाई म्हणाला होता.

थोड्या वेळानं वर्षाराणी वर आली. वाळलेले कपडे काढायचं निमित्त होतं, पण तिनं एकही कपडा काढला नाही. वर्षाराणी गगनबावड्याची. तिथं पाऊस लागला की चार महिने कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळतात आणि नेसलेल्या लुगड्याला धुराचा वास येतो. लोक अमेरिकेला जातात तशी ती लग्न करून कोल्हापूरला आली होती, आणि तीन वर्षं झाली तरी रस्त्यावरचे दिवे लागले की खिडकीत येऊन उभी राहायची.

"वन्सं, एक इचारू?"

"विचार."

"तुम्ही गेलासा की स्कूटर कुणाची?"

दिवसभरात निशिगंधा पहिल्यांदा हसली. पोटभर हसली, आणि वर्षाराणी न हसता उत्तराची वाट बघत उभी राहिली, कारण तिनं गंमत केलेली नव्हती. गाडी शिकायची म्हणून तिनं नवऱ्याला दोनदा विचारलं होतं. त्यानं कशाला, मी हाय की, असं म्हटलं होतं, आणि तो कधीच नसायचा.

निशिगंधानं पर्समधून रुमाल काढला, उघडला आणि खडा तिच्या हातावर ठेवला. मग सगळं सांगितलं.

"एवढंच?" वर्षाराणी म्हणाली.

"एवढंच."

"मग काल बैठकीत का बोलला न्हाईसा? कवाच मोकळं झाला असता."

निशिगंधा कठड्यावर रेलली. खाली काका कुणाला तरी जिव्हाळा समजावून सांगत होता. "मी सांगितलो असतो, तर मला कुणी थांब म्हटलंच नसतं, वहिनी. जा की म्हणाले आबा. एका चकलीत. मला भांडून जायचं हुतं."

वर्षाराणीनं खड्याचा वास घेतला. "मला कुठं कोण थांब म्हटलं," ती म्हणाली. "पाऊस लागला म्हणून वऱ्हाड लवकर हाललं. आई भांडी आत घेत हुती, तिला म्या गेलेलं दिसलंसुदीक न्हाय. आलो की तरी. काय बिघडलं?"

मग तिनं खडा पदराच्या टोकात बांधला आणि शिकवणी कधीपासून असं विचारलं.

शिकवणीला वेळ होती ती पहिल्या अंघोळीची. नरकचतुर्दशीच्या पहाटे सगळं घर उटण्यात होतं, ऋतुराजच्या अंगाला तानाबाई तेल चोळत होत्या, बाळासो कारीट फोडायला डावा पाय की उजवा यावर काकाशी वाद घालत होते, आणि दोघी गोठ्याच्या मागच्या दारानं स्कूटर ढकलत बाहेर पडल्या. वर्षाराणी दोन वेळा पडली आणि एकदा कचराकुंडीवर गेली. गुलछडी प्रत्येक वेळी थांबून, ती उठेपर्यंत वाट बघून, पुन्हा मागं लागली. तिची चाल बदलली नाही. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी वर्षाराणी तोल न जाता वळली, आणि गुलछडीही वळली.

त्याच दिवशी निशिगंधानं मोहांतीसाहेबांना कळवलं की मुदतीबद्दल आभार, पण तुळशीच्या लग्नाची वाट बघणार नाही, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीच निघते, आणि स्टेशनवर कुणी येऊ नये. घरात मात्र तिनं एवढंच सांगितलं की पाडव्याला गाडी मी काढणार नाही, वहिनी काढेल. काका म्हणाला की हे शक्य नाही. ऋतुराज म्हणाला की हिला गाडी येत नाही. बाळासो लेकीकडं बघत म्हणाले, बघूया.

पाडव्याला निशिगंधा चौकात घरच्यांच्या बाजूला उभी राहिली नाही. ती पलीकडच्या गर्दीत शिरली, पोस्टाच्या भिंतीला लागून, आणि ऊन लागतं म्हणून तोंडाला ओढणी बांधली. हलगी सुरू झाली. एकामागून एक म्हशी गेल्या, कुणाची फटाक्याला बिचकली, कुणाची पानाच्या ठेल्यावर हार खायला थांबली. मग कुठंतरी हाकाटी झाली आणि गर्दी फाटली.

वर्षाराणी नऊवारीत होती. नथ, हेल्मेट, आणि चेहऱ्यावर जन्मभर हेच करत आल्याचा भाव. तिच्यामागं गुलछडी, शिंगांना हिरवा रंग, पाठीवर बाळासोंचं नाव, रेघ मारल्यासारखी सरळ. ती निशिगंधापासून हाताच्या अंतरावरून जाणार होती. निशिगंधानं गप्प राहायचं ठरवलं होतं. तरी तिच्या तोंडातून हाक गेली, रपेटीला मारायची तशीच, बारीक.

गुलछडीचा कान तिच्याकडं वळला. नुसता कान. बाकीची म्हैस स्कूटरमागं निघून गेली.

शेजारी एक जाडजूड गृहस्थ बायकोपोरांसह उभा होता. त्यानं बायकोला कोपरानं ढोसलं. "बघितलंस? इंगवल्यांची सून. तिच्याबिगर कुणाच्या मागं पळत न्हाय ती म्हैस. परवा दीर का नवरा बसलता गाडीवर, तर त्याला शिंगावर घेऊन तालमीपातूर नेला."

"व्हय?" निशिगंधा म्हणाली.

त्यानं तिला सगळी हकीकत सांगितली. म्हैस लहानपणी आजारी पडली तेव्हा या सुनेनं तिला स्वतःच्या हातानं पाजून वाचवली, असं त्यात होतं. निशिगंधानं त्यात काहीच दुरुस्त केलं नाही. चौकाच्या टोकाला वर्षाराणी थांबली होती. तिनं सगळ्यांच्या देखत कप्प्यातून गुळाचा मोठा खडा काढला आणि गुलछडीच्या तोंडात दिला. फेटा बांधून घेत असलेल्या बाळासोंनी ते बघितलं. त्यांची मान तशीच राहिली, फेट्याचा शेमला बांधणाऱ्याच्या हातात लोंबत राहिला. मग त्यांना सगळं कळलं असावं, कारण ते सुनेकडं बघायचे थांबले आणि गर्दीत कुणाला तरी शोधायला लागले. त्यांची नजर पोस्टाच्या भिंतीवरून एकदा गेली, परत आली, आणि निशिगंधावरून सरकून पुढं गेली. काकानं गुळाचं काही विचारलं असावं. बाळासोंचं उत्तर हलगीतूनही इथवर आलं: "पाडव्याला चालतंय."

निशिगंधाचा हात ओढणीच्या गाठीकडं गेला होता. तो तिथंच थांबला.

"तुम्ही कुठनं आलासा बघायला?" गृहस्थानं विचारलं.

तिला जरा विचार करावा लागला. "लांबनं," ती म्हणाली. "उद्या परत जायचंय."

"मग जाताना इंगवल्यांच्या कट्ट्यावर दूध पिऊन जावा, पावणं," तो म्हणाला. "तिथं कुणाला बी इचारा, दावतील. तसलं दूध तुमच्याकडं मिळायचं न्हाय."